टॉवेलाखालचं बोलणं

"शनिवारी शाळेला सुट्टी!" शेवटच्या रांगेतला दत्ता उभा राहून ओरडला आणि सगळा वर्ग टाळ्या पिटायला लागला.

मी कपाळाला हात लावला. पहिल्या पोराच्या कानात मी सांगितलं होतं ते अगदी वेगळं होतं : शनिवारी मैदान झाडायचं आहे, प्रत्येकाने घरून खराटा आणायचा. कानगोष्टींचा खेळ चालला होता. एका टोकाला निरोप घालायचा आणि दुसऱ्या टोकाला काय बाहेर पडतं ते बघायचं. वाटेत थोडी मोडतोड होणार हे मी धरूनच चालले होते. पण झाडलोटीची सुट्टी होईल असं काही वाटलं नव्हतं.

मग मी दत्तापासून उलटा तपास सुरू केला. "तुला काय ऐकू आलं?" "सुट्टी." "आणि तुला?" "सुट्टी, बाई." असं करत करत मी मधल्या रांगेत मालन पुकळेपाशी येऊन थांबले.

"मालन, तुझ्या कानात काय सांगितलं होतं?"

"खराटा आणायचा."

"आणि तू पुढे काय सांगितलंस?"

"सुट्टी हाय म्हणून."

"का गं?"

"मला ते खराट्याचं पटलं न्हाई, बाई."

वर्ग खो खो हसला. मालन मात्र हसली नाही. चेष्टा म्हणून तिने ते केलंच नव्हतं. तिला खरोखरच पटलं नव्हतं.

"हे बघ," मी म्हटलं, "आत्ता तू तार होतीस. तारेला पटणं-न पटणं असं काही नसतं. इकडून आलं ते तिकडे द्यायचं. मधल्याने निरोप बदलायचा नसतो."

"आन निरोपच वंगाळ असला तर?"

"तरीही."

"बरं," ती म्हणाली आणि खाली बसली. ते 'बरं' मला चांगलं कळलं. बाईंच्या नादी कोण लागणार, असा त्याचा अर्थ होता.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं होऊन गेली. माणदेशातल्या ढालेवाडीच्या शाळेत मी सातवीला शिकवत होते. मूळची मी रत्नागिरीकडची; त्या उघड्याबोडक्या माळावर बदली झाली तेव्हा रडले होते, पण नंतर रमलेही. त्या वर्षी तालुक्याला आमचं प्रशिक्षण झालं आणि वर्गात माहिती शिकवा असा हुकूम निघाला. म्हणजे माहिती साठवतात कशी, एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवतात कशी आणि तिच्यावर प्रक्रिया करून नवं काही काढतात कसं. त्यासाठी शाळेला एक संगणकही आला. हेडमास्तरांनी त्याची पूजा केली, नारळ फोडला, मुलांना पेढे वाटले आणि त्यावर स्वतःच्या बायकोने भरलेला रुमाल घालून खोलीला कुलूप ठोकलं. "पोरांनी बिघडवला तर मी काय जबाब देऊ?" असं त्यांचं म्हणणं. मी चावी मागून मागून थकले आणि शेवटी तो नाद सोडला.

मग आम्ही संगणकाशिवायच संगणक शिकलो. वर्गाबाहेर काढलेल्या चपला ओळीत मांडायच्या, काही सुलट, काही पालथ्या. त्या झाल्या साठवलेल्या खुणा. दुपारी येऊन बघा, कुणी लाथ मारली नसेल तर निरोप तसाच सापडेल. पोरांना सगळ्यात आवडायचा तो हो-नाहीचा खेळ. मी मनात गावातली एक वस्तू धरायची. मुलांनी प्रश्न विचारायचे, पण मी फक्त हो किंवा नाही म्हणणार. जिवंत आहे का? घरात असते का? प्रत्येक प्रश्नाला अर्धं गाव गळायचं आणि बघता बघता पोरं पाटलांच्या विहिरीवरच्या मोटेच्या चाकापर्यंत येऊन पोचायची. हो आणि नाही, एवढ्या दोन शब्दांत जगातलं काहीही शोधता येतं, याचं त्यांना नवल वाटायचं. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं.

आणि एक युक्ती मी शिकवली होती. उत्तराची शंका आली तर तोच प्रश्न उलटा करून विचारायचा. 'दार उघडं आहे का?' याला हो आलं, तर 'दार बंद आहे का?' याला नाही यायला पाहिजे. दोन्हींना हो आलं, तर समजायचं की पलीकडून उत्तर येतच नाही, नुसता आवाज येतोय.

एके दिवशी मी विचारलं, "आपल्या गावात तोंडाने न बोलता कोण कोण बोलतं?"

"यष्टीचा कंडक्टर! एक घंटी थांब, दोन घंट्या चल."

"देवळातली नौबत!"

मालन उभी राहिली. "आमचं आबा. टावेलाखाली."

तिचे आजोबा सिदू पुकळे म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले हेडी. हेडी म्हणजे बैलांच्या बाजारातला दलाल. गुरुवारच्या बाजारात मी ते दृश्य बघितलं होतं. दोन माणसं हातात हात घालून उभी, हातांवर टॉवेल टाकलेला, आणि दोघांची तोंडं भलतीकडेच. एक आभाळ बघतोय, दुसरा बैलाची शेपटी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू फुटलं होतं.

मालनने पुढे येऊन माझा हात धरला, स्वतःची ओढणी वर टाकली आणि मला ती भाषा दाखवली. इतकी बोटं धरली की इतके. समोरच्याला मंजूर असेल तर त्याने अख्खी मूठ आवळायची, नसेल तर बोटं सोडून द्यायची. शेजारी उभ्या असलेल्याला ताकास तूर लागत नाही. सौदा मोडला तरी कुणाची अब्रू जात नाही, कारण तोंडातून काही निघालेलंच नसतं.

"आणि बाहेर येऊन कुणी भलताच आकडा सांगितला तर?" मी विचारलं.

"आसं कसं करंल?" तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "मग त्याचा हात परत कोन धरंल?"

शाळा सुटल्यावर ती मागे रेंगाळली. दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली, "बाई, म्हशीन बंद पडलंय का नुसता पडदाच बंद पडलाय, ते कसं वळखायचं?"

मला आधी वाटलं, हेडमास्तरांच्या संगणकाबद्दल विचारतेय. मग लक्षात आलं. सिदूआबांना झटका येऊन उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. तेव्हापासून ते खाटेवर होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की यांना आता काही कळत नाही. काहीही विचारलं तरी मान हलवतात. पाणी पाहिजे? हलवतात. पाणी नको? तरी हलवतात. घरातले त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलायला लागले होते, जसं एखाद्या पेटीविषयी बोलावं, इथे ठेवायची की तिथे.

"रविवारी तात्या गाडी घिऊन येनार हाय," मालन म्हणाली. तात्या म्हणजे तिचा पुण्याचा चुलता, जयसिंग. "तिकडं सांभाळायची जागा आसती म्हनं, तितं ठिवनार. तात्या म्हनतो, त्यांना कुटं कळतंय, हितं काय आन तितं काय. बाई, पर आबाला कळतंय."

"कशावरून?"

"मला म्हाईत हाय."

"माहीत आहे म्हणजे झालं नाही, मालन. दुसऱ्याला दाखवता आलं पाहिजे."

मी हे बोलून गेले ते शिक्षकी सवयीने. तिने ते शब्दशः घेतलं. जाताना म्हणाली, "मग तुम्ही रविवारी या. तुम्ही आसलासा की मानसं ऐकत्यात."

दुसऱ्याच्या घरच्या मामल्यात मी सहसा पडत नाही. पण रविवारी सकाळी पाय आपोआप पुकळ्यांच्या वस्तीकडे वळले.

दारात पांढरी गाडी उभी होती. आत आबांची खाट होती आणि जयसिंग उंबऱ्याजवळ बसला होता. चांगला माणूस वाटला. डोळे लाल होते, रात्रभर झोपला नसावा. मालनचे आईवडील भिंतीला टेकून उभे होते. आजी, केराबाई, आबांचे कपडे गाठोड्यात बांधत होती. कमरेला तिने जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट आवळला होता आणि उठताना दर वेळी भिंतीचा आधार घेत होती. नवऱ्याला उचलणं, फिरवणं, धुणंपुसणं, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं. मालनचे आईवडील दिवसभर रोजगाराला जायचे.

"या बाई," जयसिंग म्हणाला. "मालननं सांगितलं तुम्ही येणार म्हणून. पोरीची समजूत काढा. मला हौस आहे का आबांना न्यायची? पण आईची कंबर बघा. उद्या ती पडली तर दोघांचं कोण करणार?"

त्याचं बरोबर होतं.

"पर आबांना इचारा तरी," मालन म्हणाली.

जयसिंगने सुस्कारा टाकला, खाटेजवळ गेला आणि मोठ्याने विचारलं, "आबा, पुण्याला येताय न्हवं?"

आबांची मान हलली.

"आबा, हितंच ऱ्हाताय?"

मान तशीच हलली.

"बघितलंत?" तो मला म्हणाला.

मालनने खुंटीवरचा टॉवेल काढला. लाल काठाचा, बाजारातला. आजारपणापासून तो धुऊन तसाच टांगलेला होता. ती खाटेच्या कडेवर बसली, आबांचा डावा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. मग तोंड दुसरीकडे वळवून दाराबाहेर बघायला लागली, अगदी हेड्यासारखी.

"आबा, मी मालन हाय?"

क्षणभर काही नाही. मग ती म्हणाली, "मूठ आवळली."

"आबा, मी तात्या हाय?" थोड्या वेळाने, "सोडली."

"अगं, हात थरथरतोच त्यांचा," जयसिंग म्हणाला. "तुला वाटतंय तसं."

इथे मी तोंड घातलं. "तुम्ही विचारा. असं काहीतरी, जे मालनला ठाऊक असणं शक्य नाही."

जयसिंगने थोडा विचार केला. "माझ्या लहानपणी आपल्या दावणीला खिलारी जोडी होती. त्यातल्या डाव्या अंगाच्या बैलाचं नाव... आबा, पाखऱ्या होतं?"

"सोडली," मालन म्हणाली.

"चित्र्या होतं?"

"सोडली."

"हरण्या होतं?"

"आवळली. लई घट्ट, तात्या. दुखतंय."

"हरण्याच," जयसिंग म्हणाला आणि खाली बसला. मालनच्या आईने तोंडाला पदर लावला. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच आलं असणार : इतके दिवस या माणसाने आपलं सगळं बोलणं ऐकलंय.

"इचार," जयसिंग कसाबसा म्हणाला. "ते म्हणतील तसं करू."

मालनचा चेहरा उजळला. तिने जिंकलं होतं, आता फक्त विचारायचं बाकी होतं. "आबा," ती म्हणाली, "पुण्याला जायाचं?"

आम्ही सगळे त्या टॉवेलकडे बघत होतो. टॉवेलावरून काहीच कळत नव्हतं.

"काय म्हनले?" तिच्या वडिलांनी, आण्णांनी, विचारलं.

मालनची मान वळून आबांकडे गेली. मग तिने प्रश्न उलटा केला. आवाज एकदम बारीक झाला होता. "आबा, हितंच ऱ्हायाचं? आमच्यात?"

पुन्हा ते थांबणं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती का बघतेय ते मला त्या वेळी कळलं नाही. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरून आलेले. बराच वेळ ती तशीच बघत राहिली.

"जायाचं म्हनत्यात," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

कुणालाच ते अपेक्षित नव्हतं, जयसिंगलासुद्धा नाही. पण शंका कुणी घेतली नाही. ज्या पोरीने आबांना ठेवून घ्यायला जिवाचा आटापिटा केला, तीच रडत हे सांगत होती.

आजीचा गाठ मारणारा हात थांबला होता. "का म्हनून, ते इचार," ती म्हणाली.

"का, आसं इचारता येत न्हाई, आजी," मालनने नाक पुसलं. "हो-न्हाई आसंच इचारायला लागतंय." आणि वर्गात विचारायची तशी ती विचारायला लागली. "हितं दुखतंय-खुपतंय म्हनून? ...सोडली. डागदरासाठी? ...सोडली. मानसापायी? ...आवळली. आण्णापायी? आईपायी? ...न्हाई. माझ्यापायी? ...न्हाई."

ती थांबली. घरात आता एकच माणूस उरलं होतं.

"आजीपायी?"

तिने पुढे काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. टॉवेलाखालची मूठ आवळली गेलेली आम्हाला बाहेरून दिसत होती, आणि ती सुटतच नव्हती.

केराबाईने कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवला. नवऱ्याकडे बघत राहिली. मग एकदम तिचा राग उसळला. "माझ्यापायी? आन मला कोन इचारलं? ऊठ गं मालन."

मालन उठली. आजी भिंत धरत धरत खाटेवर बसली आणि तिने टॉवेलाखाली हात घातला.

"आजी, तुला येतंय?" मालनने रडणं विसरून विचारलं.

"नवी नवरी हुते तवा चवदा मानसं हुती ह्या घरात. सासू-सासऱ्यादेखत नवऱ्याशी बोलायची चोरी. कसं बोलत आसंन म्या?"

"मग इतकं दीस का न्हाई धरलास त्यांचा हात?"

आजीने मोकळ्या हाताने टॉवेल सारखा केला. "भ्या वाटत हुतं, बाय. धरला आन काईच आलं न्हाई तर?"

त्यानंतर ती बोलली नाही. दाराबाहेर माळाकडे बघत बसली. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही, पण टॉवेल हलत होता. वर उचलला जायचा, खाली बसायचा. एकदा आबांच्या घशातून आवाज आला, नाराजीचा. आजीने मान झटकली आणि पुन्हा टॉवेल हलायला लागला. जयसिंग काही बोलायला गेला तर मालनने त्याला हाताने गप्प केलं. सौदा चालू असताना मध्ये बोलत नाहीत.

शेवटी टॉवेल शांत झाला. आजीने तो उचलला, फडकन झटकला आणि आबांच्या खांद्यावर टाकला. बाजारात व्यवहार पक्का झाला की करतात तसा.

"ठरलं," ती म्हणाली. "गाडी रिकामी ने जयसिंगा."

"काय ठरलं, आई?"

"बाजारात इचारतंय का कोन? उचलायला सकाळ-सांज गावातला येक गडी लावायचा. तेवढं त्येंचं ऐकलं म्या. बाकीचं आमच्यात."

आबांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. चेहऱ्याची ती बाजू हसत होती, असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटायला हवं होतं म्हणून. जयसिंग खाटेच्या पायाशी बसला आणि त्याने बापाचे पाय धरले. मी उठले. आता तिथे माझं काही काम नव्हतं.

मालन मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत मला तिचं ते बघणं आठवत होतं, आणि आता कुठे त्याचा अर्थ लागत होता.

"मालन," मी म्हटलं, "आबांनी काय सांगितलं ते तुझ्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. 'राहायचं म्हणतात' असं सांगितलं असतंस तर?"

"सुचलं हुतं, बाई."

"मग?"

"तुम्हीच म्हनला हुता. मधल्यानं बदलायचं न्हाई." तिने रस्त्यातला एक खडा पायाने उडवला. "लई वंगाळ निरोप हुता पर."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लांबून यष्टी येताना दिसली तशी ती थांबली आणि काहीतरी हिशोब मनात जुळवल्यासारखी म्हणाली, "आन म्या बदललं आसतं तरी आबा हितंच ऱ्हायलं आसतं, बाई. पर ते आजीपायी जायाला निघालं हुतं, हे तिला कंदीच कळलं नसतं."